तीनचा ठेका, चारचा ठोका

मुंबई-गोवा हायवे आमच्या रामवाडीला लागून जातो. पेण शहर जरा आत, रामवाडी रस्त्यावर. वर्षातून दोनदा हा रस्ता गाण्यांनी भरतो. एकदा भाद्रपदात, चाकरमानी गणपतीला गावी निघतात तेव्हा. दुसऱ्यांदा डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, मुंबई-पुण्याची पोरं गोव्याला निघतात तेव्हा. स्टँडवर उभं राहिलं की प्रत्येक गाडीतून सात-आठ सेकंद गाणं ऐकू येतं, मग ती पळस्प्याच्या नाहीतर वडखळच्या दिशेने निघून जाते. शहरात सध्या कशावर नाचतात हे मला शाळेत असताना असंच कळायचं. सात-आठ सेकंदांच्या हप्त्यांमध्ये.

आता मी २९ वर्षांचा आहे. दिवसा पनवेलला एका ऑफिसात हिशेब लिहितो आणि लग्नसराईत पेण तालुक्यात हळदीला डीजे वाजवतो. एक लॅपटॉप, एक कंट्रोलर, बाकी साऊंड भाड्याचा. महिन्यातून एखाद्या शनिवारी लोअर परळला किंवा बांद्र्याला कुठला तरी सेट ऐकायला जातो. क्लब रात्री दीडला बंद होतो, मग कुठेतरी चहा पीत वेळ काढून पहाटेच्या एसटीने घरी.

या दोन्ही ठिकाणी मला एकच प्रश्न विचारतात : 'सध्या काय चालतंय?' क्लबमध्ये ओळख झालेले लोक विचारतात, हळदीची सुपारी द्यायला आलेला नवरदेवाचा भाऊ विचारतो. जणू आवड म्हणजे हवामान आहे, आपोआप बदलतं, आपण फक्त छत्री घ्यायची की नाही ते ठरवायचं. मला ते पटत नाही. नाचायच्या गाण्यांची आवड कानात सुरू होत नाही. यंत्र कितीला मिळतं, जागेचं भाडं किती, पोलीस किती वाजता येतात आणि दारातून आत कोणाला सोडतात, या चार गोष्टी आधी बदलतात. कान मागून येतो. हे मला शहराने शिकवलं आणि आमच्या मांडवानेही.

गिरणी, यंत्र आणि एक न खपलेली रेकॉर्ड

मुंबईतल्या इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिकची गोष्ट १९८२ पासून सांगायला मला आवडतं. त्या वर्षी १८ जानेवारीला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यातले बहुतेक पुन्हा आत गेलेच नाहीत. आमच्या कोकणातल्या किती घरांचा पगार त्या दिवशी थांबला हे वेगळं सांगायला नको.

त्याच वर्षी त्याच शहरात चरणजित सिंग नावाचा, हिंदी सिनेमांच्या गाण्यांत वाजवणारा एक वादक स्टुडिओत गेला. त्याच्याकडे रोलँड कंपनीची तीन यंत्रं होती : टीबी-३०३ नावाचं बेसचं यंत्र, टीआर-८०८ हे तालाचं यंत्र आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर. त्यांच्यावर त्याने दहा राग डिस्कोच्या ठोक्यावर वाजवले. 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट' असं त्या रेकॉर्डचं नाव. ती खपली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा बाजारात आली तेव्हा जगभरचे लोक चक्रावले, कारण तिचा आवाज 'अ‍ॅसिड हाऊस'सारखा होता. आणि अ‍ॅसिड हाऊसची सुरुवात मानली जाणारी शिकागोतली 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' ही रेकॉर्ड आली होती १९८७ मध्ये.

मुंबईने काहीतरी आधी केलं याचा अभिमान बाळगायला माझी ना नाही. पण मला त्यात वेगळीच गोष्ट दिसते. टीबी-३०३ हे यंत्र एकट्या गिटारवाल्याला साथ करायला बनवलं होतं. त्या कामात ते फसलं, कंपनीने ते बंद केलं आणि मग जुन्या सामानाच्या दुकानात स्वस्तात मिळू लागलं. शिकागोतल्या खिशात फार पैसे नसलेल्या काळ्या पोरांनी ते तिथून उचललं आणि त्याचे खटके नको तेवढे फिरवले. त्यातून एक नवा आवाज जन्माला आला. म्हणजे शिकागोत यंत्र स्वस्त झालं, नाचायला जागा होती आणि नाचणारे होते. मुंबईत १९८२ ला यंत्र होतं, वादक होता, पण त्या आवाजावर नाचायला जागाच नव्हती. आवड जमिनीवर उगवते. जमीन नसली तर बी नुसतंच पडून राहतं.

जमीन पुढे मिळाली, ती गिरण्यांचीच. नव्वदच्या दशकाच्या शेवटी फिनिक्स मिलच्या आवारात 'फायर अँड आइस' हा क्लब होता. २००७ मध्ये मथुरादास मिलच्या आवारात 'ब्लू फ्रॉग' सुरू झाला, तो २०१६ पर्यंत चालला. उंच छपराची, आत खांब कमी असलेली ती जागा यंत्रांसाठी बांधलेली होती. मग तिथे वेगळी यंत्रं आली. अमेरिकेतल्या डेट्रॉइटमध्ये मोटारीचे कारखाने ओस पडत गेले आणि त्याच शहरात टेक्नो तयार झालं. आमच्याकडेही कारखाना गेला आणि नाच आला. फरक एवढाच की डेट्रॉइटमध्ये टेक्नो तिथल्याच काळ्या पोरांनी बनवलं. इथे गिरणी कामगाराचा नातू क्लबात असलाच तर बहुतेक वेळा दारावर बाऊन्सर म्हणून किंवा आत बर्फाची बादली घेऊन असायचा.

हायवेवरचे हप्ते

मी ऐकलेल्या सात-आठ सेकंदांचा इतिहास साधारण असा आहे.

सगळ्यात आधी ट्रान्स. गोव्यात हणजुणच्या किनाऱ्यावर सत्तरच्या दशकात हिप्पी जमले आणि नव्वदच्या दशकापर्यंत तिथल्या रात्रींनी 'गोवा ट्रान्स' हा प्रकारच जगाला दिला. मिनिटाला १४० च्या आसपास ठोके, शब्द जवळजवळ नाहीत, एक गाणं सात-आठ मिनिटं. माझ्या आठवणीत पांढऱ्या क्वालिस गाड्यांमधून ते वाजायचं. मला वाटायचं कॅसेट अडकलीय.

मग २००७ च्या डिसेंबरात गोव्यात कांदोळीला पहिला सनबर्न झाला आणि पुढच्या काही वर्षांत गाड्यांमधलं गाणं बदललं. आता त्यात चाल होती, गोड सूर होता, आणि मग सगळं थांबून एकदम कोसळायचं. त्याला 'ड्रॉप' म्हणतात. अव्हिची नावाच्या स्वीडिश पोराचं 'लेव्हल्स' २०११ मध्ये आलं, मार्टिन गॅरिक्सचं 'अ‍ॅनिमल्स' २०१३ मध्ये. तोवर आमच्याकडे स्वस्त चायनीज मोबाईल आले होते आणि ही गाणी ब्लूटूथवरून पेणच्या कॉलेजात पोचली. शब्द कळायची गरज नव्हती, ड्रॉप कळायचा. इंग्रजी न येणाऱ्या पोरालाही उडी कधी मारायची ते बरोबर समजायचं. ईडीएम एवढं पसरलं त्याचं अर्धं कारण मला तरी हेच वाटतं.

पुढचं वळण २०१५-१६ चं. 'न्यूक्लिया' या नावाने वाजवणाऱ्या उदयन सागरचा 'बास रानी' हा अल्बम २०१५ मध्ये आला. 'राजा बाजा' २०१६ मध्ये आला आणि वरळीच्या एनएससीआय डोममध्ये त्याचा मोठा कार्यक्रम झाला. त्यात ढोल-ताशा होता, बँडबाजा होता, गल्लीतल्या मिरवणुकीचा फाटका भोंगा होता. त्याच दोन वर्षांत आमच्या मिरवणुकांत आधी 'शांताबाई' वाजलं आणि मग 'सैराट'मधलं 'झिंगाट'. शहर मिरवणुकीकडे बघत होतं आणि मिरवणूक शहराकडे. २०१६ मध्येच सनबर्न गोवा सोडून पुण्याजवळ केसनंदला आला. डिसेंबरातल्या गाड्या त्या वर्षी आमच्या हायवेवरून कमी आणि एक्स्प्रेस वेवरून जास्त गेल्या असणार.

आता ड्रॉपला हसतात. गेल्या काही वर्षांत मुंबईत आधी टेक्नोचा जोर झाला : काळे कपडे, कमी उजेड, मोबाईल खिशात. आणि सध्या जिथे जावं तिथे आफ्रो हाऊस. ते दक्षिण आफ्रिकेतून आलं. तिथला डीजे ब्लॅक कॉफी याला २०२२ मध्ये ग्रॅमी मिळालं. मिनिटाला १२० च्या आसपास ठोका, त्यावर हाताने वाजवल्यासारखे ढोलके, आणि अंगाला घाई नाही. पहिल्यांदा एका क्लबमध्ये ते नीट ऐकलं तेव्हा शेजारचा पोरगा मला म्हणाला, "हा ग्रूव्ह एकदम नवीन आहे ना!" मी मान हलवली. पण माझे पाय वेगळंच सांगत होते. हा हेलकावा त्यांना चांगला माहीत होता.

मोजून बघा

इथे थोडं मोजायला लागेल. मांडीवर हात मारून बघा, बसमध्ये असाल तर हळू मारा.

हाऊस, टेक्नो, ट्रान्स या सगळ्यांचा पाया म्हणजे सरळ चार ठोके : धप, धप, धप, धप. प्रत्येक धपचे दोन किंवा चार सारखे तुकडे होतात. एक-दोन, एक-दोन. कवायतीसारखं.

कोळीगीत असं चालत नाही. त्याचा ठेका सहाचा. एक-दोन-तीन, चार-पाच-सहा, आणि जोर एकवर आणि चारवर. म्हणजे प्रत्येक धपच्या पोटात तीन मात्रा असतात. त्यामुळे अंग सरळ वरखाली न होता डाव्या-उजव्या बाजूला झुलतं, होडी झुलते तसं. वेसावकर आणि मंडळीच्या कॅसेटी ज्या घरात वाजल्या, त्या घरातल्या पोरांना हे शिकवावं लागत नाही.

लॅपटॉपला मात्र शिकवावं लागतं. डीजेचं सॉफ्टवेअर गाणं तपासून मिनिटाला किती ठोके ते आपल्या आपण सांगतं. कोळीगीत टाकलं की पुष्कळदा ते गोंधळतं. ज्या गाण्याला माझा पाय मिनिटाला १०० वेळा पडतो त्याला लॅपटॉप १५० सांगतो, कारण तो तिनांना दोनांत मोजतो. 'सिंक'चं बटण दाबलं की दोन गाणी एकमेकांवर आदळतात. म्हणून पूर्वीच्या रिमिक्सवाल्यांनी सोपा मार्ग काढला : कोळीगीत घ्यायचं, त्याचा मूळ ठेका दाबून टाकायचा आणि वर सरळ चारचा ठोका बडवायचा. गाणारी बाई तीनमध्ये गातेय आणि खाली मशीन चारमध्ये. नॉनस्टॉप म्हणून जे काही आम्ही वर्षानुवर्षं वाजवलं त्यातलं बरंचसं असं आहे. नाच होतो, पण झोका जातो.

आणि आफ्रो हाऊसमध्ये काय आहे? खाली सरळ चार आणि वर त्यावर रेलणारे तिनाचे ढोलके. दोघं भांडत नाहीत, एकमेकांना जागा देतात. म्हणजे शहराच्या कानाला आज जे नवं वाटतंय ते आमच्या हळदीच्या मांडवात होतंच. दक्षिण आफ्रिकेतून फिरून आलं तेव्हा कुठे लोअर परळला पोचलं. रामवाडीहून थेट गेलं असतं तर सत्तर-ऐंशी किलोमीटरच होतं.

काकाचं पॅड

आगरी-कोळी हळद ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. लग्नाच्या आदल्या रात्री सगळा गाव मांडवात असतो. लग्नाला उशिरा आलेलं चालतं, हळदीला नाही. या मांडवात माझ्या डोळ्यांसमोर तीन आवाज एकमेकांवर चढले.

सगळ्यात जुना आवाज धवलारणीचा. धवलारीण म्हणजे लग्नाचे विधी गाण्यातून लावणारी बाई. ती जी गाणी गाते ते धवले. माझी आजी धवलारीण होती. वाद्य नाही, माईक नाही. हळद दळण्यापासून प्रत्येक गोष्टीला तिचा धवला असायचा आणि तो झाल्याशिवाय पुढचं काही व्हायचं नाही.

दुसरा आवाज बेंजोचा. 'बेंजो' म्हणजे बुलबुल तरंगाला पिकअप लावून अ‍ॅम्प्लिफायरवर चढवलेलं वाद्य. त्याच्याभोवती कीबोर्ड, ढोल, ताशा आणि ऑक्टोपॅड. माझा काका ऑक्टोपॅड वाजवायचा. रबराचे आठ चौकोन, काठी मारली की प्रत्येकातून वेगळा आवाज. त्याने ते पॅड जुनंच घेतलं होतं, दोन सीझनच्या सुपाऱ्यांमधून पैसे फेडले. शिकागोतल्या पोरांची गोष्ट मी वाचली तेव्हा मला पहिला काका आठवला. तोही जपानी कंपनीचं जुनं यंत्र घेऊन कंपनीच्या डोक्यातही नसलेलं काहीतरी त्यातून काढत होता. डाव्या हाताने तीनचा ठेका आणि उजव्या हाताने मधूनच चारचा तोडा. इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिक म्हणजे काय असं मला कोणी विचारलं तर माझ्यासाठी ते हेच आहे : इलेक्ट्रॉनिक आहे, म्युझिक आहे आणि त्यावर अख्खा गाव नाचतोय.

तिसरा आवाज डीजेचा. म्हणजे माझा. बेंजो पार्टीत बारा माणसं. त्यांना टेम्पो, जेवण, प्रत्येकाला पाकीट. डीजेला दोन माणसं आणि एक लॅपटॉप. बेंजोवाले दर अर्ध्या तासाने पाणी प्यायला थांबतात, लॅपटॉप थांबत नाही. बेंजोला ठरावीक गाणी येतात, माझ्याकडे सगळी आहेत. नवरदेवाच्या भावाने हा हिशेब मांडला की बेंजो हरतो. लोकांची आवड बदलली असं सगळे म्हणतात. मला विचाराल तर आवड नंतर बदलली. आधी बारा पाकिटांची दोन पाकिटं झाली.

काकाची पार्टी लॉकडाऊनच्या वर्षात मोडली. ताशावाला रिक्षा चालवायला लागला, कीबोर्डवाला हमरापूरला गणपतीच्या कारखान्यात रंगकामाला गेला. काकाने पॅड चादरीत गुंडाळून कपाटावर ठेवलं. तो माझ्यावर कधी चिडला नाही. एकदाच म्हणाला, "तुझ्या डब्यात सगळं आहे रे, फक्त चुकायची सोय नाही." यावर काय बोलायचं ते मला सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही. वाजवणारा माणूस समोरच्याकडे बघून अर्धी मात्रा मागे राहतो, म्हातारी नाचायला उठली की ठेका सैल करतो, पोरं तापली की दाबतो. ती चूक नसते, पण मशीनच्या मापाने ती चूकच.

आणि गंमत बघा. शहरातल्या महागड्या पार्ट्यांमध्ये आता डीजेच्या शेजारी हाताने वाजवणारा माणूस उभा करतात. कोणी जेंबे घेऊन, कोणी ढोल घेऊन, कोणी पॅड घेऊन. पोस्टरवर 'लाइव्ह' असं लिहितात आणि त्याचे वेगळे पैसे लावतात. आम्ही ज्याला परवडत नाही म्हणून घरी बसवलं, त्याला तिथे चैन म्हणून बोलावतात.

दहा वाजता

आवाजाबद्दल बोलायचं तर कायद्याबद्दल बोलावंच लागेल. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रात्री १० ते सकाळी ६ या वेळेतल्या लाऊडस्पीकरबंदीवर शिक्कामोर्तब केलं. रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ ही मर्यादा. ५५ म्हणजे साधारण दोन माणसांच्या नेहमीच्या बोलण्याएवढा आवाज. त्यामुळे कागदावर बघितलं तर कुठलीच हळद कायद्यात बसत नाही. २०१८ च्या गणपतीत विसर्जनाच्या तोंडावर मुंबई उच्च न्यायालयाने डीजे-डॉल्बीवरची बंदी उठवायला नकार दिला, तेव्हा आमच्या धंद्यातले लोक फार चिडले होते.

मी धंद्यातला असूनही त्यांच्याएवढा चिडत नाही. एक तर दहाची वेळ पाळून चांगला सेट लावता येतो, सातला सुरू करायचं. दुसरं म्हणजे आमच्याकडे आवड नावाची गोष्ट कधीची आवाजात बुडाली आहे. 'कसा वाजवतो?' असं कोणी विचारत नाही, 'किती बेस आहेत?' असं विचारतात. चार बेस, आठ बेस, भिंतच उभी करतात. शंभर डेसिबलला पंधरा मिनिटांहून जास्त वेळ राहू नये असं कानाचे जाणकार सांगतात आणि आम्ही तीन तास उभे असतो. त्यात तीन आणि चार यांतला फरक कोणाला ऐकू येणार? छातीत सगळं सारखंच धडधडतं. मी कानात प्लग घालतो. पोरं हसतात, "डीजेवाल्यालाच सहन होत नाय!" काकाच्या उजव्या कानात गेली सहा वर्षं शिट्टी वाजतेय, रात्री जास्त. ती शिट्टी ऐकवायला कुठलं बटण नाही, नाहीतर त्यांनाही ऐकवली असती.

आजीचा एक नियम होता. तिचा धवला सुरू व्हायच्या आधी ती सरळ साऊंडवाल्यासमोर जाऊन उभी राहायची. "दादूस, तुजा डबा थांबव. मना धवला गायाचाय." वय तिचं ऐंशीच्या घरात आणि समोर तिच्या उंचीच्या दुप्पट स्पीकर. पण डबा थांबायचा. आजी गेली. गावात आता धवला येणाऱ्या दोन-तीनच बायका उरल्यात आणि त्या साऊंडवाल्यासमोर जाऊन उभ्या राहत नाहीत. म्हणून मी सुपारी घेतानाच सांगतो : विधीला अर्धा तास साऊंड पूर्ण बंद, जनरेटरसुद्धा लांब. दोन गिऱ्हाइकं यामुळे गेली. "अर्धा तास शांतता? लोक उठून जातील." आतापर्यंत तरी कोणी उठून गेलेलं नाही.

दारातून आत

२०२४ मध्ये 'तांबडी चामडी' आलं. मुंबईचा डीजे क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं मराठी हाऊस. नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्सने ते काढलं. म्हणजे ज्या कंपनीने 'अ‍ॅनिमल्स' काढलं तिनेच. तुमच्याही फोनवर ते वाजलं असेलच. माझ्यासाठी ती फार मोठी गोष्ट होती. क्लबच्या त्या अंधारात मराठी शब्द ऐकू आले आणि नाचणाऱ्यांत नसलेले, कोपऱ्यात ट्रे घेऊन उभे असलेले दोघं ओठ हलवायला लागले. त्यांना सगळं पाठ होतं. पुढे नाचणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांना फक्त ठोका माहीत होता.

मला तेव्हा बरं वाटलं आणि थोडं वाईटही. बरं का वाटलं ते उघड आहे. वाईट यासाठी की त्या खोलीत मराठी सगळ्यात जास्त ज्यांना येत होती त्यांना नाचायची परवानगी नव्हती. त्याआधी काही महिने एका क्लबच्या दारावर माझ्या मित्राला परत पाठवलं होतं. कारण विचारलं तर बूट. तेच बूट घालून तो ऑफिसला जातो. आत त्या रात्री टेक्नो होतं, आणि टेक्नो सगळ्यांचं असतं असं आतल्या भिंतीवर इंग्रजीत लिहिलेलं होतं. हे मला दुसऱ्या एका मित्राने आत गेल्यावर फोटो पाठवून दाखवलं.

मांडवात दार नसतं. तिथे आत्या नाचते, सातवीतलं पोरगं नाचतं, नवरीचा बाप दोन घोट झाल्यावर नाचतो. म्हणून तिथला डीजे एकाच आवडीचा राहू शकत नाही. एका गाण्यात तीन पिढ्या सांभाळाव्या लागतात. क्लबमधला डीजे अंगाने मोकळा असतो, कारण दारावरच माणसं निवडलेली असतात. आपण ज्याला शहराची बदलती आवड म्हणतो, ती अनेकदा दारावर निवडलेल्या तीनशे लोकांची आवड असते. ते कंटाळले की आवड बदलली.

एक प्रयोग

गेल्या मे महिन्यात खारेपाटातल्या एका गावात हळद होती. नवरदेव माझ्या ओळखीचा. मी म्हटलं, काकाला बरोबर आणतो, पैसे वाढवू नकोस, माझ्यातून देतो. काकाला तयार करायला पंधरा दिवस लागले. पॅडचे दोन चौकोन मेले होते, ते दुरुस्त करून आणले. आम्ही घरी चार संध्याकाळी बसलो. मी आफ्रो हाऊसचा सरळ ठोका लावायचो, गाणं नाही, नुसता ठोका, १०८ च्या वेगाने. काका त्यावर तीनचा ठेका धरायचा. पहिल्या दिवशी तो वैतागला. "हा माणूस मागेपुढे होतच नाही." त्याला मशीन म्हणायचं होतं. तिसऱ्या दिवशी त्याने मशीनला खांब समजायला सुरुवात केली आणि त्याच्याभोवती फिरायला लागला.

हळदीला साडेआठच्या सुमारास आम्ही ते लावलं. सुरुवातीची दोन मिनिटं पोरं थांबली. "दादूस, गानी लाव ना!" अशी एक आरोळी आली. मग मागून बायका उठल्या. पोरं नंतर आली. वीस मिनिटं चाललं. लॅपटॉपवर मी जवळजवळ काहीच केलं नाही, ठोका थोडा कमी-जास्त करत काकाकडे बघत राहिलो. काका लोकांकडे बघत होता. पावणेनऊला पोरांनी 'झिंगाट' मागितलं, मी लावलं. दहाला बंद.

यातून क्रांती वगैरे काही झाली नाही. कोणीतरी काढलेल्या व्हिडिओला दीडेकशे लाइक मिळाले, त्यातले निम्मे नातेवाईक. या मोसमात माझ्याकडे आतापर्यंत नऊ सुपाऱ्या आहेत. त्यातल्या दोघांनी स्वतःहून विचारलं, "ते पॅडवाले काका येतात का?" सातजणांनी बेस किती ते विचारलं. दोन म्हणजे फार नाहीत, पण गेल्या वर्षी शून्य होत्या. आणि या दोघांनाही मी काकाचं पाकीट वेगळं सांगितलं. माझ्यातून देणार नाही. वाजवणाऱ्याचे पैसे लागतात हे ज्याला पटेल त्याचीच आवड बदलली असं मी धरतो. बाकी सगळं सात-आठ सेकंद ऐकू येतं आणि पुढे निघून जातं.